राग कुठे आला?

मोठ्या बाईंच्या बालवाडीत एक वाक्य बोलायला बंदी होती. "रडू नकोस."

पहिल्याच दिवशी त्यांनी मला ते सांगितलं. डोंबिवलीत, एका तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, मागे एक झोपाळा आणि पेरूचं झाड, एवढीच ती बालवाडी. मोठ्या बाई साठी ओलांडलेल्या. प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन त्यांनी हे सुरू केलं होतं. बोलायच्या कमी, आणि बोलल्या की समोरच्याला खडूने फळ्यावर लिहून दिल्यासारखं वाटायचं.

"मूल रडत असलं की जवळ बसायचं आणि म्हणायचं, 'रडतोयस.' मग गप्प राहायचं. बाकीचं तेच सांगतं."

मी मान हलवली. त्या दिवसांत मी सगळ्यालाच मान हलवत होते.

हे ऐंशीच्या दशकातलं, मधल्या वर्षांतलं. मी सव्वीस वर्षांची. चार महिन्यांपूर्वी मी बाळंतपणासाठी विठ्ठलवाडीला माहेरी गेलेले. आठव्या महिन्यात एका सकाळी पोटातलं हलणं थांबलं. कल्याणच्या नर्सिंग होममध्ये नेलं तेव्हा डॉक्टरांनी बराच वेळ नळी लावून ऐकलं आणि मग माझ्याऐवजी माझ्या आईकडे पाहिलं. पुढचं मला तुटक आठवतं. गुंगीचं इंजेक्शन होतं. नीट जागी झाले तोवर डोंबिवलीहून सासरची माणसं येऊन सगळं आटोपलं होतं. खाटेशेजारचा पाळणा कोणीतरी बाहेर नेऊन ठेवला होता आणि तो होता तिथे फरशीवर चार चाकांचे डाग होते. मुलगा होता की मुलगी, हे कोणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी दूध आलं. आईने मोगऱ्याची फुलं आणून छातीवर ठेवली आणि वरून जुन्या धोतराची पट्टी घट्ट आवळली. दूध आटण्यासाठी असं करतात. ती पट्टी बांधताना रडत होती आणि मला म्हणत होती, "रडू नकोस गं, रडू नकोस." मी रडत नव्हतेच.

दोन महिन्यांनी डोंबिवलीला सासरी परतले. घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि सासूबाई. नवरा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर. सकाळी डबा घेऊन जायचा, संध्याकाळी यायचा, पेपर वाचायचा. बाळासाठी जमवलेल्या दुपट्यांचं गाठोडं मी गेले तेव्हा कपाटाच्या खालच्या फळीवर होतं. परत आले तेव्हा तिथे पितळेची भांडी होती. यावरही कोणी काही बोललं नाही. मी स्वयंपाक करत होते, कपडे वाळत घालत होते, कोणी हसलं तर थोडं हसतही होते. एकदा तव्याला मनगट लागलं तर आधी वास आला आणि मग मी खाली पाहिलं.

सासूबाईंची आणि मोठ्या बाईंची रेशनच्या रांगेतली ओळख. एके दिवशी सासूबाई मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "हिला लहान मुलांत ठेवा." त्यात त्यांचा कोणता हेतू होता, शहाणपणाचा की निष्ठुरपणाचा, ते माझं मलाच अनेक वर्षं ठरवता आलं नाही.

बालवाडीत बावीस मुलं होती. तीन ते पाच वर्षांची. निम्मी नव्या इमारतींतली, नोकरदारांची, आणि बाकीची जवळच्या जुन्या गावातली, आगरी घरांतली. सकाळी प्रार्थना झाली की सगळी गोल करून सतरंजीवर बसत. हात पोटावर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि मग एकेकाने सांगायचं की आज आत काय आहे. कोणी म्हणे मजा आहे. कोणी म्हणे पोहे आहेत. मोठ्या बाई पोहेसुद्धा गंभीरपणे ऐकून घेत.

त्यांचं एक ठाम मत होतं. राग 'येतो', रडू 'येतं', कंटाळा 'येतो', लाजसुद्धा 'येते'. आपण ते करत नाही. म्हणून मुलाला "का रागावलास?" असं विचारायचं नाही. विचारायचं, "राग आला? कुठे आला?"

आणि मुलं सांगत. कोणाला कानात येई, कोणाला मुठीत. एकाला पायात येई, तो लाथा मारत असे. ज्याला मुठीत येई त्याला रद्दीचे पेपर फाडायला देत. फाडलेले तुकडे बादलीत भिजत घालून, त्यात मेथी वाटून घालून आम्ही लगदा करत असू आणि त्याच्या वाट्या थापत असू. खिडकीत त्या रागाच्या वाट्या वाळत असायच्या. एका कोपऱ्यात घडी घातलेलं घोंगडं होतं. ज्याला कोणी नको असेल त्याने तिथे जाऊन बसावं, त्याला कोणी हाक मारायची नाही. ती शिक्षा नव्हती. काही मुलं तिथे सकाळपासून जागा धरून बसत.

आयांना हे सगळं अजब वाटे. "ए बी सी डी कधी घेणार?" असं विचारत, कारण पुढे इंग्रजी शाळांत मुलांच्या मुलाखती होत. एक आई तक्रार घेऊन आली होती. तिची मुलगी घरी वडलांना म्हणाली होती, "बाबा, तुम्हाला राग आलाय. कुठे आला?" असं मोठ्यांना विचारतात का, असं तिचं म्हणणं. मोठ्या बाईंनी विचारलं, "मग कुठे आला होता?" ती आई हसायला लागली.

मी हे सगळं अगदी नीट करत होते. मला ते जड गेलं नाही. बावीस मुलांना रोज विचारायचं, आत काय आहे, आणि ती सांगतील तो शब्द त्यांना परत द्यायचा. मुलं कधी कधी मलाही विचारत. "बाई, तुमच्या पोटात?" मी म्हणे, "चहा." त्यांना ते पुरे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मुलगी आली. चार वर्षांची, गावातली, केसांना तेल चोपडून दोन घट्ट वेण्या. तिची आजी तिला कडेवर घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "बाय, ही चावते. आमी सगली थकलो. तुमी काय ते बगा."

चावते म्हणजे चावायचीच. पहिल्या आठवड्यात पाच मुलांना चावली. खेळणं घेतलं की चाव, रांगेत ढकललं की चाव. आया दारात गोळा होऊन मुलांचे दंड दाखवू लागल्या. कोणी म्हणालं, हिला काढा. मोठ्या बाई ऐकून घेत आणि जखमेला लावायचं लाल औषध काढत.

एकदा झोपाळ्यावरून भांडण झालं. ती एका मुलाकडे झेपावली आणि मी मध्ये हात घातला. ती माझ्या हाताला चावली, कोपराच्या खाली. पूर्ण जोर लावून. मी हात मागे घेतला नाही. शहाणपणाने घेतला नाही असं नव्हतं, घ्यायचा असतो हेच सुचलं नाही. मी तिच्या डोक्यावरच्या भांगाकडे पाहत होते. भांग सरळ काढला होता.

तिने आपणहून दात सोडले. वर पाहिलं.

"दुखला नाय?"

"नाही."

"खोटा बोलतंय," ती म्हणाली. मग दातांच्या खुणांवर बोट दाबून तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा दाबलं. मी तशीच उभी.

मुलं गेल्यावर मोठ्या बाईंनी माझ्या हाताला औषध लावलं. कापसाचा बोळा फिरवत म्हणाल्या, "चावलं की माणूस हात मागे घेतं."

"लक्षात आलं नाही."

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. माझं काय झालं होतं ते त्यांना माहीत होतं, सासूबाईंनी सांगितलंच असणार. पण मोठ्या बाईंनी तो विषय काढला नाही. एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून ती तुमच्याकडे."

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, राग आला की कुठे येतो? इतकं साधं होतं, पण भांडणं सोडवण्याच्या नादात ते तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिने थोडा विचार केला आणि तोंड उघडून बोट दाखवलं.

"दातान."

दातात. मग ती करणार तरी काय होती?

मोठ्या बाई म्हणाल्या, दातांना काहीतरी द्या. मग मी गाजर देऊन पाहिलं, मागच्या झाडाचा कच्चा पेरू देऊन पाहिला. ती एक चावा घेई आणि उरलेलं ज्याच्यावर राग असेल त्याला फेकून मारी. स्वच्छ रुमाल दिला, तो तिने थुंकून टाकला. एकदा अशीच गडबड चालू असताना मी तिला धरून बसले होते आणि तिने माझा पदर तोंडात घेतला. चावत राहिली. दातांचा करकर आवाज येत होता. थोड्या वेळाने जबडा सैल झाला, तिने पदर बाहेर काढला, त्यावरची लाळ पाहिली आणि आपल्या फ्रॉकने पुसली.

तेव्हापासून तो पदर तिचा झाला. माझ्या सगळ्या सुती साड्यांच्या पदरांना बारीक बारीक भोकं पडली. सासूबाई एकदा दोरीवरची साडी उजेडात धरून म्हणाल्या, "कसर लागली की काय गं?" मी म्हटलं, "हो."

तिला राग ओळखायला शिकवणं म्हणजे फक्त इतकंच होतं की तो दातात पोचायच्या आधी तिला कळावा. तो कसा येतो ते आम्ही दोघी शोधत बसायचो. आधी हात गरम होतात, तिने सांगितलं. मग कानात आवाज येतो. मग दात. मग हात गरम झाले की माझ्याकडे यायचं, असं ठरलं. नाताळच्या सुमारास ते जमू लागलं. अंगणात कोणी ढकललं की ती तिथूनच ओरडत सुटायची, "आयला! आयला!" तिच्या बोलीत त्याचा अर्थ 'आला', म्हणजे राग आला. पण फाटकाशी उभ्या असलेल्या इमारतीतल्या आयांनी ते वेगळंच ऐकलं. बालवाडीत मुली शिव्या देतात अशी बातमी दोन दिवसांत सगळीकडे पसरली. मोठ्या बाईंना खुलासा करता करता ठसका लागला. मला ते विनोदी आहे हे समजत होतं.

मग माघाच्या सुमारास ती सलग चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी तिची आजी एकटीच आली. चपला काढून आत आली, जमिनीवर बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली.

तिला भाऊ झाला होता, तीन आठवड्यांचा. हे मला माहीतच नव्हतं. मुलीने कधी सांगितलं नव्हतं. त्या तान्ह्याच्या पायाला ती चावली होती. बापाने तिला मारलं. तेव्हापासून ती खाटेखाली शिरून बसली होती. जेवायला ओढून काढायची, जेवली की पुन्हा खाली. बोलत नव्हती.

"तुमचा नाव घेते कवा कवा," आजी म्हणाली. "याल का, बाय?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "जा. मी पाहते इथलं."

गाव दहा मिनिटांवर. भातखाचरांच्या बाजूने रस्ता होता. निम्म्या खाचरांत भराव टाकून झाला होता आणि खांब उभे राहिले होते. त्यांचं घर नवीन बांधलेलं, पुढच्या भिंतीला रंगीत फरशा लावलेलं. मागे जुनं कौलारू घर तसंच होतं, त्यात आता गवताचे भारे भरले होते. आतल्या खोलीत शेगडीवर ओव्याची धुरी चालू होती. बाळंतीण खाटेवर बसलेली, अगदी तरुण, कानाला फडकं बांधलेलं. शेजारची एक म्हातारी बाई बाळाला मांडीवर घेऊन होती.

आजीने मला खुर्चीवर बसवलं, कौतुकाने बाळ उचललं आणि मी सावरायच्या आत माझ्या मांडीवर ठेवलं. "बगा, कवरासा हाय."

मी पाहिलं. झोपलेला होता. वजन पिशवीभर तांदळाएवढं. पायाच्या पंजावर चाव्याची निळसर खूण होती, आता मावळत आलेली. आपल्याला आता काहीतरी होईल असं मला वाटलं, म्हणून मी वाट पाहिली. काही झालं नाही.

शेजारच्या बाईने विचारलं, "तुमाला पोरां किती?"

"नाही," मी म्हटलं.

"एक पन नाय?"

"झालं होतं. राहिलं नाही."

मग ती बाई पुढे झाली. "भूक लागलीय त्याला," असं म्हणत तिने बाळ माझ्या मांडीवरून उचललं आणि आईकडे दिलं. बाळ गाढ झोपेत होतं. तिने तसं का केलं ते मला कळलं. त्याचं वाईट वाटायला हवं होतं तेही कळलं. आजी मात्र ओशाळली आणि उगाच पदर सारखा करत बसली.

मी खाटेशी खाली बसले. फरशीवर गाल टेकवला तेव्हा ती दिसली. भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी. वेण्या सुटल्या होत्या.

"राग आला?" मी हळू विचारलं.

तिने गुडघे आणखी आवळले.

"दातात आला?"

तिने मान हलवली. नाही. मग गळ्याच्या खाली, हाडाशी हात ठेवला. "हितं."

ही जागा नवीन होती. आमच्या यादीत नव्हती. मी एकेक शब्द ठेवून पाहिला. भीती? नाही. वाईट वाटलं? नाही. कंटाळा? तिने माझ्याकडे तुच्छतेने पाहिलं.

"त्याला सगली घेतात," ती म्हणाली. "आजी पन."

"आणि तुला वाटतं तुलाही घ्यावं."

"हं."

"त्याला हेवा म्हणतात."

"हेवा," तिने म्हणून पाहिलं. एखादं नवीन फळ चाखतात तसं. "वाईट असतो?"

"नाही. येतो तो. आला की सांगायचं, मला पण घ्या."

मग तिने विचारलं, "तुमाला येतो?"

मोठ्या बाईंचा दुसरा नियम होता की मुलांशी खोटं बोलायचं नाही. मी म्हटलं, "मला सध्या काहीच येत नाही."

"कला?" म्हणजे का.

"माझं बाळ गेलं."

हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. खाटेखाली, फरशीला गाल लावून, चार वर्षांच्या मुलीपुढे. वर आजी आणि बाकीच्या बायका होत्या. त्यांनी ऐकलं असेल.

"कय गेला?" तिने विचारलं. कुठे गेलं?

"माहीत नाही."

"इचारला नाय?"

"नाही."

तिला हे फारच चुकीचं वाटलं. कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "मोठ्या बाय सांगतात, इचाराचा." मग थोडं पुढे सरकली आणि समजूत काढावी तशी म्हणाली, "माजा पन कालचा राग आज येते कवा कवा."

त्यानंतर ती बाहेर आली. सरळ आजीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मना हेवा आयलाय. मना पन घे." आजीला हेवा बिवा काही समजलं नसावं, पण तिने त्या घोडीला ओढून मांडीवर घेतलं, हसली आणि हसता हसता रडायला लागली. बाळंतीण म्हणाली, "रडू नको गं." मुलगी आजीच्या मांडीवरून म्हणाली, "असा नाय बोलाचा."

मी चहा घेतला आणि परत आले. सोमवारी ती बालवाडीत आली, वेण्या घालून. त्यानंतर चावली नाही असं नाही. दोनदा चावली. पण तान्ह्याला नाही. जूनमध्ये ती पहिलीच्या शाळेत गेली. मी पुढे तिथेच चौदा वर्षं शिकवलं, मोठ्या बाई गेल्यावर एकटीनेही. नव्वदच्या दशकात एकदा कल्याणच्या बाजारात कॉलेजच्या ड्रेसमधली एक उंच मुलगी माझ्यापुढे थांबली आणि तिने सांगितल्यावर मी तिला ओळखलं. तिला चावण्याचं काही आठवत नव्हतं. पदराचं तर नाहीच. झोपाळा तेवढा आठवत होता.

पण त्या वर्षाचं सांगायचं राहिलं.

तिच्या घरून आल्यावर मी आठ-दहा दिवस काही केलं नाही. मग एका रविवारी सकाळी नवरा गॅलरीत स्टोव्ह उघडून बसला होता. बर्नरमध्ये कचरा अडकला होता. मी दारात उभी राहून म्हटलं, "कुठे ठेवलंत?"

त्याच्या हातात पिन होती. मी त्या पिनेबद्दलच विचारतेय असं त्याने धरलं असतं, तरी मी परत विचारलं नसतं. पण त्याला लगेच कळलं.

"कल्याणला," तो म्हणाला. "खाडीकडे. लहान मुलांची जागा आहे तिथे. मी आणि तुझा भाऊ गेलो होतो."

"काय होतं?"

"मुलगी."

"मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलं नाहीस."

आणि मग तो आला. सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि आलं ते रडू नव्हतं, राग होता. तो माझ्या तळव्यांत आला. मी शिक्षिकेसारखी ती जागा टिपून ठेवली, हात गरम झालेत, बोटं वळताहेत. खुर्चीवर त्या दिवशीचा पेपर होता, त्याने अजून न वाचलेला. मी तो उचलला आणि फाडला. आधी मधोमध, मग पट्ट्या, मग तुकडे. तो बघत होता. त्याला वाटलं असेल हिचं डोकं फिरलं. पूर्ण पेपर संपल्यावर माझे हात निवळले आणि राग तितक्याच लवकर गेला. आत पुन्हा सपाट झालं.

पण तो रडत होता. स्टोव्हच्या सुट्या भागांपुढे उकिडवा बसून, रॉकेलने माखलेले हात चेहऱ्यापासून दूर धरून. मला वाटत होतं तो पेपर वाचतो, वर्कशॉपला जातो, त्याला काही नाही. तो म्हणाला की दर दिवशी गाडी कळव्याजवळ खाडीवरून जाते तेव्हा तो खिडकीकडे पाठ करून उभा राहतो.

मी त्याच्याजवळ बसले. "रडताय," मी म्हटलं आणि गप्प राहिले. मला तेवढंच येत होतं. ते मी मनापासून केलं की सवयीने, सांगता येत नाही. माझं स्वतःचं रडू पुढे काही वर्षांनी आलं, भलत्याच गोष्टीवर, लोकांच्या देखत, आणि त्याचं इथे काही काम नाही.

पुढच्या रविवारी आम्ही कल्याणला गेलो. खाडीच्या कडेने वाळूच्या होड्या लागल्या होत्या. जाळं विणत बसलेल्या एका कोळ्याला नवऱ्याने विचारलं, त्याने न बोलता सुईनेच दिशा दाखवली. पुढे एक मोकळा उतार होता, रानटी एरंड वाढलेला. नवऱ्याने तेव्हा खुणेला दगड ठेवला होता. तिथे पुष्कळ दगड होते. तो या दगडाकडून त्या दगडाकडे जात राहिला, वाकून पाहत राहिला. शेवटी एकापाशी थांबला आणि म्हणाला, "हाच असेल." मला माहीत होतं की त्याला खात्री नाही. मी म्हटलं, "हो, हाच." ऊन डोक्यावर आलं होतं. आम्ही फुलं वगैरे काही नेलं नव्हतं. दहा मिनिटं उभे राहिलो. नवऱ्याने एरंडाची दोन रोपं उपटून बाजूला टाकली, जरा मोकळं केलं. येताना कोळणीकडून कोळंबी घेतली.

घरी सासूबाईंनी दार उघडलं. "कुठे गेलेलात दोघं?"

आम्ही काही ठरवलं नव्हतं. नवरा चपला काढत म्हणाला, "तिच्याकडे गेलो होतो."

सासूबाई बाजूला झाल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन परातीत कोळंबी ओतली आणि सोलायला बसले. थोड्या वेळाने त्या आल्या, माझ्यासमोर पाट ओढून बसल्या आणि परातीतली एक एक कोळंबी उचलून सोलू लागल्या. डोकं मोडायचं, साल काढायची, पाठीचा काळा दोरा ओढायचा. दोघींचे हात चालू होते.

"केस खूप होते तिला," त्या म्हणाल्या.

मी वर पाहिलं. त्या परातीतच पाहत होत्या.

"तू शुद्धीवर नव्हतीस. मी पुसून घेतलं तिला. टोपरं घातलं, पिवळं. मी विणलं होतं. केस बाहेर येत होते त्यातून, इतके." ओल्या बोटांनी त्यांनी आपल्या कपाळावर दाखवलं. "नाक तुझं होतं."

पुढची कोळंबी त्यांनी उचलली, पण सोलली नाही, हातातच धरून राहिल्या.

"अजून सांगा," मी म्हटलं.